शेवटच्या पटावर

शिवाजी पेठ, कोल्हापूर
१२ ऑक्टोबर २०२५

मदिहा,

दुआ. पहिली ओळ वाचलीस तर पुढचंही वाचशील, एवढं तुला मी ओळखते. अर्धवट टाकलेलं तुला कधी चाललं नाही, मग तो धडा असो नाहीतर ताटातली भाकरी.

फोन करत नाही, कारण माझा नंबर तू बंद करून ठेवलायस. पोस्ट बंद करता येत नाही, हे एक बरं आहे. मागची पत्रं परत आली नाहीत, म्हणजे पुण्याला पोचतात असं मी धरून चालते. आणि घरात आपण कितीही आपल्या बोलीत भांडलो, तरी कागदावर मला मराठीच सुचतं. जन्मभर शाळेत तेच शिकवलं, आता हात दुसरीकडे वळत नाही. जुन्या पत्रांत माझ्या चुका काढायचीस तशा यातही काढ. मला आवडेल.

बातमी अशी की मी बुद्धिबळाची स्पर्धा भरवतेय. हसू नकोस. नोव्हेंबरात, पंधरा आणि सोळा तारखेला, शनिवार-रविवार, कसबा बावड्यात. शिवलिंगभाऊंच्या मेहुण्याचं तिथं मंगल कार्यालय आहे. त्या दोन दिवसांचं लग्न मोडलं म्हणून हॉल रिकामा पडला. कुणाचं मोडलं ते विचारू नये, पण आमचं काम झालं. भाऊ म्हणाले, "वैनी, हॉल देतो की! निसार असता तर त्यानं इच्यारलं बी नसतं, कुलूप काढून आत बसला असता." तुझे अब्बा खरंच बसले असते. शाहूपुरीत त्यांचं सीट कव्हरचं दुकान आणि शेजारी भाऊंची गुळाची पेढी. दुपारी गिऱ्हाईक नसलं की दोघांच्या मध्ये पट पडायचा, आणि गिऱ्हाईक आलं तरी पट उचलला जायचा नाही. ती पेढी अजून आहे. दुकान भाड्यानं दिलंय. आता तिथं मोबाईलची कव्हरं मिळतात.

रिटायर झाल्यावर बायका भिशी लावतात, मी स्पर्धा लावली. तुझ्याशी याचा काही संबंध नाही. पत्रक सोबत घातलंय, ते सहज.

अम्मी

२ नोव्हेंबर २०२५

मदिहा,

ताकाला जाऊन भांडं लपवायचं वय राहिलं नाही माझं. संबंध आहे. सगळा संबंध तुझ्याशीच आहे.

तू खेळणं सोडलंस हे मला क्रांतीकडून कळलं. क्रांती तुझ्याबरोबर खेळायची ती, लांब वेणीवाली, आता तिनं पंचाची परीक्षा दिलीय आणि आमच्या स्पर्धेची मुख्य पंच तीच आहे. तिला मी म्हटलं, मला स्पर्धेतलं ओ की ठो कळत नाही, तूच सांभाळ. ती म्हणाली, "काकू, तुमी नुस्तं माणसं गोळा करा, बाकीचं माझ्याकडं लागलं." मग सहज विचारावं तसं विचारलं, मदिहा हल्ली कुठं खेळते? तिनं माझ्याकडं बघितलं आणि सांगितलं की सहा वर्षांत तुझं नाव कुठल्याच स्पर्धेत आलेलं नाही. तुझा शेवटचा डाव भुवनेश्वरचाच.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हे सुरू झालं. तू माझ्याशी बोलत नाहीस ते मी सोसते. पण माझ्यावरच्या रागानं तू पट सोडलास, हे मला सोसत नाही. चार वर्षांची असताना अब्बांच्या मांडीवर बसून तू उंट चोखायचीस. त्या उंटावर तुझ्या दातांच्या खुणा आहेत.

तुझा राग खोटा नाही. तू तिकडं भुवनेश्वरला राष्ट्रीय स्पर्धेत, इकडं तुझे अब्बा दवाखान्यात, आणि मी तुला कळवलं नाही. पहाटे ते गेले तरी कळवलं नाही. तुझा डाव संपल्यावर फोन केला. आपल्यात मिट्टी, म्हणजे दफन, थांबवत नाहीत. दुपारची जोहरची नमाज झाली आणि त्यांना नेलं. तू दुसऱ्या दिवशी पोचलीस तेव्हा घरात फक्त अगरबत्तीचा वास आणि बायका होत्या. दारातच तू ओरडलीस, सगळ्यांसमोर, की तूच मला अब्बांचं तोंड बघू दिलं नाहीस. का कळवलं नाही, ते तेव्हा सांगितलं नाही आणि आताही सांगणार नाही. ते माझ्यापाशी राहू दे.

मी काय मागते? माफी मागत नाही. घरी ये असंही म्हणत नाही. बावड्याला ये, दोन दिवस खेळ, आणि माझ्याकडं न बघता परत जा. तू पटासमोर बसलेली मला एकदा लांबून दिसली तरी पुरे.

अम्मी

१५ नोव्हेंबर २०२५, शनिवार

मदिहा,

आली नाहीस. ते पुढं लिहिते, आधी गंमत ऐक, नाहीतर सगळं रडगाणंच होईल.

पहिली फेरी उशिरा सुरू झाली. कारखान्याचा हंगाम चालू झालाय हे मी, जन्मानं कोल्हापूरची, साफ विसरले. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता भरलेला, अर्धे खेळाडू त्यात अडकलेले. एक गडी तर ट्रॅक्टरवरच बसून आला. हातात ऊस, आणि विचारतो, "पट कुठं हाय माझा?"

दुसरा घोटाळा खास माझा. मी सगळ्यांना चहाबरोबर भडंग दिलं. आपल्याकडं पाहुणा आला की भडंग, एवढंच मला ठाऊक. हॉलमध्ये एकदम कुरुम कुरुम सुरू झालं, जशी शंभर उंदरं पोती कुरतडतायत. सोंगट्यांना तेल लागलं. सांगलीच्या एका मुलीचा घोडा हातातून सटकून थेट प्रतिस्पर्ध्याच्या चहात पडला. क्रांती स्टेजवर होती. नवरा-नवरीच्या लाल सोफ्यावर तिचं पंचाचं टेबल मांडलेलं. तिथून ती धावत खाली आली आणि सगळ्या द्रोणांवर जप्ती आणली.

तालमीतल्या म्हाताऱ्यांना गप्प बसवणं तर कुणालाच जमलं नाही. आपल्या पेठेतले आकारामतात्या दुसऱ्याच्या पटामागं उभं राहून म्हणतात, "आरं हत्ती काढ की भायेर, काय पूजा घालायलायस व्हय त्याची?" क्रांतीनं त्यांना हाताला धरून बाहेर नेलं. बाहेर त्यांनी शिवलिंगभाऊंबरोबर देशी, जुन्या गावाकडच्या नियमांचा डाव मांडला आणि तिथं जो आरडाओरडा झाला त्याला मात्र कुणी बंदी घातली नाही.

आणि मी खेळले. खरंच. खेळाडूंची संख्या विषम झाली, म्हणजे दर फेरीत एकाला नुसतं बसून राहावं लागणार. अशा वेळी संयोजकांपैकी कुणीतरी जोडीला बसतं. क्रांती म्हणाली, "काकू, तुमास्नी चाली येत्यात न्हवं?" चाली येतात म्हटलं. अब्बांनी लग्नानंतर शिकवल्या त्या देशी, पण येतात. मग बसले. सगळे डाव हरले. तिसऱ्या डावात समोरची चिमुरडी मलाच शिकवत होती, "आजी, घड्याळ दाबा, घड्याळ दाबा." तिच्या वयाची तू दिसायला लागलीस मला आणि मी वजीर फुकट घालवला.

डाव कसले खेळतेय, सारखी दाराकडं बघत होते. दार उघडलं की मान वर. संध्याकाळी मान दुखायला लागली. माझ्यासारख्या बाईनं आशा करू नये, पण करते. काय करू?

उद्या सकाळीही नाव घेतात म्हणे, फक्त हुकलेल्या फेऱ्यांचे गुण मिळत नाहीत. हे पत्र उद्याच्या आधी तुझ्यापर्यंत पोचणार नाही, हे कळतंय मला. तरी लिहिते.

अम्मी

१७ नोव्हेंबर २०२५

मदिहा,

काल काय झालं ते तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण माझ्या खुर्चीतून ते कसं दिसलं ते तुला माहीत नाही.

सकाळी मी मागं चहाचं बघत होते. क्रांती आली आणि माझा हात धरून म्हणाली, "काकू, मदिहा आलीय. नाव दिलंय." मी तिथंच गॅसच्या शेगडीपाशी बसले. चहा उतू गेला तो भाऊंनी उतरवला. मग ती म्हणाली, "आणिक एक हाय. कालचा एक गडी आज आला न्हाय, म्हणून तुमास्नी आज बी बसाय लागतंय. तिचा गुण शून्य, तुमचा बी शून्य. कॉम्प्युटरनं जोडी लावली. शेवटच्या पटावर तुमी दोघी." मी जोडी बदल म्हटलं असतं तर तिनं काय केलं असतं कुणास ठाऊक. मी बदल म्हटलं नाही.

तू आधीच बसली होतीस. केस कापलेस. चष्मा लागलाय. आणि बारीक झालीस गं, हाताची हाडं दिसतात. डाव सुरू करताना हात मिळवायचा असतो, तू हात पुढं केलास. सहा वर्षांनी तुझा हात माझ्या हातात आला तो नियमामुळं. गार पडला होता. नेहमीसारखाच. डावाच्या आधी तुझे हात गार पडायचे आणि अब्बा ते आपल्या बगलेत धरून ठेवायचे.

पटावर बोलायचं नाही हा नियम मी दोन दिवस दुसऱ्यांना सांगत फिरत होते. आता मलाच लागू झाला. तू मान खाली घालून खेळत होतीस आणि मी तुझा भांग बघत होते. माझा घोडा गेला, हत्ती गेले, वजीर गेला. शहाण्या माणसानं हात मिळवून डाव सोडला असता. आजूबाजूचे पट उठायला लागले. क्रांती दोनदा येऊन बघून गेली. पण मी सोडला नाही, मदिहा. मी डाव सोडला की तू उठणार. राजा वाचतोय तोवर तू माझ्यासमोर बसणार. मग पळवला राजा, या घरातून त्या घरात. इतका वेळ मी आयुष्यात कधी कुठला डाव लांबवला नसेल.

शेवटी माझ्याकडं राजा आणि एक प्यादं उरलं. तुझ्या वजिराच्या तोंडात होतं ते. आणि तू ते खाल्लं नाहीस.

आपल्या घरात शेवटचं मोहरं खात नाहीत. देशी डावात ते खाल्लं की बुर्जी होते, मग कुणीच जिंकत नाही. म्हणून एक ठेवायचं आणि त्याला वळसा घालून मात करायची. स्पर्धेत असला काही नियम नाही. तुला खाता येत होतं. तू वजीर उचललास, प्याद्यापाशी नेलास, थांबलीस, आणि बाजूच्या घरात ठेवलास. मला वाटलं, हिच्यात अजून आपलं घर आहे. आणि माझं तोंड उघडलं. सहा वर्षांत किती काय ठरवून ठेवलं होतं बोलायला! त्यातलं एक आठवलं नाही. म्हटलं, "मदिहा, जेवलीस का?"

तू घड्याळ थांबवलंस आणि हात वर केलास.

क्रांती आली. तू तिला म्हणालीस, "समोरच्या बोलायल्यात." समोरच्या. नाव नाही, नातं नाही. क्रांतीचा चेहरा पांढरा झाला. पण पंच ती पंच. तिनं मला ताकीद दिली आणि तुझ्या घड्याळात दोन मिनिटं वाढवली. लोकांना वाटलं शिक्षा झाली मला. मला वाटलं, चला, आणखी दोन मिनिटं बसेल.

तू बसली नाहीस. काही चालींत मात केलीस. निकालाच्या चिठ्ठीवर सही करून ती माझ्याकडं सरकवलीस आणि उठलीस. पुढच्या फेऱ्यांतून नावही काढून घेतलंस म्हणे. शिवलिंगभाऊ तुझ्यामागं धावत गेटपर्यंत गेले. परत आले तेव्हा धोतराचा सोगा तोंडावर धरला होता. काय बोलणं झालं विचारलं तर म्हणाले, "काय न्हाय वैनी. रिक्षा मिळाली तिला." मग गुपचूप बक्षिसांच्या ट्रॉफ्या पुसत बसले. पुसलेल्याच पुन्हा पुसत होते.

मी तुझ्याकडं एवढंच मागितलं होतं की ये, खेळ, आणि माझ्याकडं न बघता जा. तू अगदी तेवढंच केलंस. तक्रार करायला जागा नाही. पण पोरी, माझं काळीज फाटलं, आणि हे मी शिक्षिकेच्या मराठीत लिहीत नाहीये.

अम्मी

२० नोव्हेंबर २०२५

मदिहा,

काल भाऊंना राहवलं नाही. घरी आले, बसले, चहा घेतला नाही. म्हणाले, "वैनी, पोरीनं सांगू नका म्हटलंय. पर हे मी पोटात घिऊन मरणार न्हाय."

त्यांनी सांगितलं ते असं. त्यांनी तुला गेटाशी गाठलं आणि म्हणाले, पोरी, तुझ्या आईनं आपल्या मनानं काय लपवलं न्हाय. निसारनंच तिला शपथ घातलती, पोरीचा डाव संपेस्तवर कळवायचं न्हाय म्हणून. मी खाटंजवळ हुतो. मदिहा, ही शपथ मी सहा वर्षं तुझ्यापासून लपवून ठेवली होती. तू मला दोष दे, पण त्यांना देऊ नकोस, म्हणून. मेलेल्या माणसावर पोरीचा राग नको, मी काय, जिवंत आहे, सोसेन.

आणि तू भाऊंना म्हणालीस, "काका, मला ठाऊक हाय. अब्बांचा त्या रात्री मला फोन आलता."

मी औषधं आणायला खाली गेले होते, तेवढ्यात त्यांनी तो केला असणार. ते म्हणाले, दवाखान्यात हाय, बरा हाय, उद्याचा डाव खेळ. तू विचारलंस येऊ का, ते नको म्हणाले. आणि तू भाऊंना सांगितलंस, "ते नको म्हणाले तवा मला बरं वाटलं, काका. पयल्या पटावर हुता माझा डाव. रातच्यालाच निघाले असते तर मिट्टीआधी तोंड तरी बघितलं असतं. आणि घरी येऊन मी अम्मीवर वरडले. सगळ्या बायकांम्होरं. ती गप बसली. आता ते शब्द कुठं घिऊन जाऊ?" पुढं म्हणालीस, "जेवलीस का म्हणाली तवा हात वर केला, न्हायतर तिथंच पटावर रडले असते."

भाऊ गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि रडले. आधी तुझ्यासाठी. वीस वर्षांची पोर तू तेव्हा, आणि एवढं ओझं घेऊन परक्या गावात एकटी राहिलीस. मी समजत होते तू माझ्यावर रुसलीयस. तू माझ्यासमोर यायलाच घाबरत होतीस.

मग राग आला. तुझा नाही, आधी त्यांचा. औषधं घेऊन मी वर आले तेव्हा त्यांनी माझा हात धरून पुन्हा विचारलं होतं, "मलिका, शपथ लक्षात हाय न्हवं?" तुला फोन करून झाला होता तेव्हा! तुला मोकळं केलं आणि मला बांधून टाकलं. पोरगी बापाजवळ आली नाही असं कुणी म्हणू नये, म्हणून बायकोला पुढं केलं. पंचवीस वर्षांच्या संसारात या माणसानं मला फसवलं ते एवढ्यातच, आणि तेही तुझ्यासाठी. आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला सांगू?

मग तुझाही आला. येऊ दे की! तुला ठाऊक होतं आणि तू मला सहा ईदा एकटीला शीरखुर्मा करायला लावलास. दोघी एकाच माणसाला झाकत बसलो आणि घर रिकामं पडलं.

त्यांच्याशी भांडायला जाऊ तर ते कब्रस्तानात. तुझ्याशी भांडता येईल. मी रविवारी सकाळच्या गाडीनं पुण्याला येतेय. आजवर मान खाली घालून लिहीत होते, कारण तू मला गुन्हेगार समजतेस असं वाटायचं. आता तसं काही नाही. दार उघड. तोंड लपवू नकोस, सही सरकवू नकोस, हात वर करून कुणाला बोलावू नकोस. मी आधी मनसोक्त भांडणार आहे. मग आपण दोघी बसून त्यांच्यासाठी रडू. ते गेल्यापासून आपण एकदाही एकत्र रडलो नाही.

अम्मी